आपल्या वस्तीच्या कामासाठी शहराकडून अनुदान कसं मिळवायचं: पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांसाठी

बऱ्याच शहरांत महापालिका दरवर्षी थोडे पैसे बाजूला काढून ठेवते जे ठेकेदाराला जात नाहीत, थेट रहिवाशांच्या गटाला मिळतात. तुमच्या वस्तीत काय सुधारायचं ते तुम्ही ठरवा, तुम्हीच उभं करा आणि खर्चाचा हिशोब पालिकेला द्या, एवढा साधा व्यवहार. कोपऱ्यावरच्या पडीक तुकड्याची बाग, म्हाताऱ्या माणसांना टेकायला दोन बाकं, उदास भिंतीवर चित्र, शाळेजवळच्या चौकात गाड्या हळू व्हाव्यात म्हणून काहीतरी, अशी कामं यातून होतात. रक्कम फार मोठी नसते पण अशा कामांना मोठी रक्कम लागतही नाही.

अडचण अशी आहे की याची माहितीच फार थोड्यांना असते आणि ज्यांना कळतं ते बहुतेक वेळा मुदत संपायच्या आठवडाभर आधी फॉर्म उघडून बसतात, मग पहिल्याच पानावर गटात कोण कोण आहे, किती शेजाऱ्यांशी बोललात, काम झाल्यावर देखभाल कोण करणार असे प्रश्न समोर येतात आणि त्यांची उत्तरं काही एका रात्रीत तयार होत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे, फॉर्म हे यातलं सगळ्यात शेवटचं काम. माणसं आधी. कल्पना किती भारी आहे हे निवड समिती नंतर बघते, ही माणसं हे खरंच करतील का आणि दोन वर्षांनी टिकवतील का हे आधी बघते. म्हणून खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलंय, मधल्या पायऱ्या गाळू नका.

पैसे कुठल्या प्रकारचे आहेत ते आधी ओळखा

वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन योजना असतात आणि नवीन लोक इथेच गोंधळतात. एक म्हणजे सहभागी अंदाजपत्रक. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ साली हे सुरू केलं, मग ते जगभर पसरलं, पुण्यात २००६ पासून, न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून, पॅरिसमध्ये २०१४ पासून. यात रहिवासी काम सुचवतात, काही ठिकाणी त्यावर मतदानही होतं, पण काम शेवटी पालिकाच करते. तुमच्या हातात पैसे येत नाहीत आणि हिशोबाची जबाबदारीही येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे खरं अनुदान, ज्यात पैसे तुमच्या गटाला मिळतात आणि काम तुम्ही करता. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या सिअॅटल शहराचं, तिथे १९८८ मध्ये नेबरहुड मॅचिंग फंड सुरू झाला. मूळ सूत्र असं की शहर जितके पैसे देईल तितक्याच किमतीचं काहीतरी रहिवाशांनी आपल्या बाजूने उभं करायचं, मग ती वर्गणी असो, कुणी फुकट दिलेलं सामान असो, एखाद्या आर्किटेक्टने न घेतलेली फी असो किंवा साधं श्रमदान. तिथल्या फ्रीमाँट भागात एका मोठ्या पुलाखाली कचऱ्याची जागा झाली होती, तिथे १९९० मध्ये याच फंडाच्या मदतीने काँक्रीटचा साडेपाच मीटर उंचीचा राक्षस उभा राहिला, हातात खरीखुरी गाडी चिरडून धरलेला, आणि आज तो बघायला लांबून लोक येतात. पुढे इतर अनेक शहरांनी अशाच योजना काढल्या.

हा लेख दुसऱ्या प्रकारासाठी आहे. पहिल्या प्रकारात सुद्धा माणसं जमवण्याचा आणि काम निवडण्याचा भाग जसाच्या तसा लागू पडतो.

माणसं जमवा, आणि त्यांना विचारा, सांगू नका

सुरुवात पाच-सहा जणांपासून करा, त्याहून जास्त लगेच नको. पण हे पाच-सहा एकाच घरातले किंवा एकाच मित्रमंडळातले नकोत, कारण समितीला ते लगेच कळतं, आडनावं आणि पत्ते बघितले तरी कळतं. त्यात एक जण लिहिणारा हवा, एक जण पैशाचा काटेकोर हवा, एक जण असा हवा जो दार वाजवायला लाजत नाही, आणि एखादा तरी असा हवा ज्याला वस्तीतले जुने लोक ओळखतात.

मग दारोदारी जा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकून पन्नास अंगठे आले म्हणजे पाठिंबा मिळाला असं होत नाही, अंगठा दाबणारा माणूस कामाच्या दिवशी फावडं घेऊन येईलच याची काही खात्री नसते. दारावर गेलात की "आम्ही इथे बाग करतोय, सही करा" असं म्हणू नका. आधी विचारा की या रस्त्यावर रोज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, आणि तुम्हाला इथलं काय आवडतं. आणि मग गप्प बसून ऐका आणि वहीत लिहा. बऱ्याचदा असं होतं की गटाच्या डोक्यात असतं भिंतीवरचं चित्र आणि दहातली सात घरं बोलतात रात्रीच्या अंधाराबद्दल. अशा वेळी चित्राचा हट्ट सोडायची तयारी ठेवा, किंवा चित्र आणि दिवा दोन्ही एकत्र बसतं का बघा.

कोण सुटलंय हे मुद्दाम बघा. भाड्याने राहणारे नेहमी सुटतात, कारण सगळे घरमालकांशीच बोलतात. रात्रपाळी करणारे सुटतात कारण सगळे संध्याकाळी सातला दार वाजवतात. मुलं सुटतात, आणि खेळायची जागा मुलांना न विचारता आखली जाते. चाकाच्या खुर्चीवरची किंवा काठी घेऊन चालणारी माणसं सुटतात आणि मग बाकापर्यंत जायला पायरी निघते. वेगळी भाषा बोलणारी घरं असतील तर ती भाषा येणारा एक जण सोबत न्या, मुलांना दुभाषी करून भागवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्या खिडकीला किंवा भिंतीला लागून काम होणार आहे त्या घराशी सगळ्यात आधी बोला. बाक म्हणजे बाकीच्या सगळ्यांसाठी सोय आणि त्या एका घरासाठी रात्री अकराला खिडकीखाली चाललेल्या गप्पा. त्यांचा विरोध असेल तर तो खरा असतो, त्यावर उपाय काढा, बाक दहा पावलं सरकवा, पाठ तिकडे करा. ऐनवेळी समितीपुढे त्या घरातून तक्रारीचं पत्र गेलं की चांगला अर्जही पडतो.

काम निवडताना

वस्तीकडे काय नाही याची यादी सगळेच करतात, तुम्ही वस्तीकडे काय आहे याचीही करा. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट या दोघांनी १९९३ मध्ये हा विचार नीट मांडला, की वस्तीकडे फक्त कमतरतांचा ढीग म्हणून बघू नका, तिथल्या माणसांची कौशल्यं, संस्था, मोकळ्या जागा ही भांडवलच आहे, तिथून सुरुवात करा. वाचायला मोठं वाटतं पण करायला सोपं आहे. दारोदारी फिरताना शेवटचा एक प्रश्न घाला, "तुम्हाला काय येतं जे तुम्ही एक दिवस वस्तीसाठी कराल?" वेल्डिंग येणारा निघतो, निवृत्त इंजिनिअर निघतो, शंभर माणसांचा स्वयंपाक सहज करणारी बाई निघते, टेम्पोवाला निघतो. ही यादी जपून ठेवा, पुढे बजेट करताना हिचे अक्षरशः पैसे होतात.

पहिल्यांदा अर्ज करताय तर छोटं काम घ्या. बहुतेक शहरांत छोट्या रकमेचं अनुदान आणि मोठ्या रकमेचं अनुदान वेगळं असतं, छोट्याचा फॉर्म दोन-चार पानांचा असतो, निर्णय लवकर होतो, अटी सैल असतात. छोटं काम नीट पार पाडलं की पुढच्या वर्षी मोठ्या अर्जात तेच तुमचं सगळ्यात भक्कम पान होतं. एका हंगामात पूर्ण होईल, डोळ्यांना दिसेल, आणि वस्तीतल्या कुणालाही वापरता येईल असं काम निवडा. खाजगी सोसायटीच्या आतल्या, कुलूपबंद दारामागच्या सुधारणेला सार्वजनिक पैसा साधारणपणे मिळत नाही. पगार, जुनी देणी, राजकीय किंवा धार्मिक प्रचार याला तर नाहीच.

आणि एक, जे काम पालिकेने तिच्या रोजच्या कर्तव्यात करायलाच हवं, जसं खड्डा बुजवणं किंवा तुंबलेलं गटार काढणं, त्यासाठी अनुदान मागू नका. त्याची तक्रार करा, पाठपुरावा करा, भांडा हवं तर, पण रहिवाशांचं श्रमदान त्यात घालवणं मला पटत नाही.

जागा कुणाची?

हा प्रश्न जितक्या लवकर विचाराल तितका मनस्ताप कमी. जागा रिकामी दिसते म्हणजे ती पालिकेचीच असते असं नाही. ती रेल्वेची असू शकते, वीज कंपनीची असू शकते, शाळेची, पाणीपुरवठा खात्याची, किंवा कुठल्यातरी दूरच्या मालकाची. पालिकेच्या मालमत्ता खात्यात किंवा जमिनीच्या नोंदींमध्ये आधी मालक शोधा आणि मालकाचं लेखी पत्र घ्या. तोंडी "करा की, काय हरकत आहे" याला अर्जात काडीची किंमत नाही, आणि तसं म्हणणारा अधिकारी उद्या बदलून जातो.

पालिकेची जागा असली तरी आत वेगवेगळी खाती असतात. फुटपाथ एका खात्याचा, झाड दुसऱ्याचं, दिव्याचा खांब तिसऱ्याचा. रस्त्यावर रंगकाम करायचं असेल तर वाहतूक खातं आलंच. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये १९९६ मध्ये रहिवाशांनी एका चौकात रस्त्यावर मोठं चित्र रंगवून तिथे बसायच्या जागा केल्या तेव्हा शहराकडे त्यासाठी परवानगीची पद्धतच नव्हती, नंतर शहराने ती तयार केली आणि आज तिथे असे कितीतरी चौक आहेत. म्हणजे नियम नाही म्हणून काम होणारच नाही असं नाही, पण वेळ लागतो आणि तो वेळ तुमच्या वेळापत्रकात धरावा लागतो.

खणायचं असेल, अगदी दोन फूट, तरी खाली काय आहे ते विचारल्याशिवाय कुदळ मारू नका. गॅसची लाइन, वीजेची केबल, पाण्याचा पाइप, इंटरनेटची फायबर, सगळं त्या दोन फुटांतच असतं. काही देशांत यासाठी एकच नंबर असतो, अमेरिकेत तो ८११ आहे, फोन केला की वेगवेगळ्या कंपन्यांची माणसं येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून जातात. तुमच्याकडे असं काही नसेल तर प्रत्येक खात्याला वेगळं विचारा. पडीक जागेवर खाण्याची भाजी लावायची असेल तर माती तपासून घ्या, जुन्या बांधकामाच्या किंवा गॅरेजच्या जागेत शिसं निघू शकतं, तसं निघालं तर वरती वाफे बांधून बाहेरची माती घालायची आणि तो खर्च बजेटमध्ये धरायचा.

विम्याचंही इथेच विचारून ठेवा. कामाच्या दिवशी कुणाला इजा झाली तर भरपाई कोण देणार यासाठी बरीच शहरं लायबिलिटी इन्शुरन्स मागतात, आणि तो छोट्या गटाला परवडत नाही. कधी शहर स्वतः तुम्हाला आपल्या विम्यात घेतं, कधी खाली सांगितलेल्या पाठीराख्या संस्थेचा विमा चालतो.

अर्जाआधी अधिकाऱ्याला भेटा

प्रत्येक योजनेला एक अधिकारी किंवा समन्वयक नेमलेला असतो आणि नवीन लोक त्याच्याकडे जायला उगाच घाबरतात, वाटतं की आपण वशिला लावतोय. असं काही नाही, त्याचं कामच ते आहे. बऱ्याच शहरांत अर्जाआधी एक माहिती मीटिंग असते, काही ठिकाणी तर ती सक्तीची असते. जाताना एका पानावर काम लिहून न्या, जागेचे दोन फोटो न्या, आणि हे विचारा: आमचं काम या योजनेत बसतं का, कशासाठी पैसे चालत नाहीत, गुण कशाला किती आहेत, पैसे आधी मिळतात की खर्च केल्यावर, गेल्या वेळचा एखादा मंजूर अर्ज बघायला मिळेल का. शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं सोन्यासारखी आहेत. गुणांचा तक्ता हातात आला की देखभालीला किती गुण आणि कल्पकतेला किती हे कळतं आणि मग कशावर किती शब्द खर्च करायचे ते आपोआप ठरतं.

पैसे कुणाच्या खात्यात येणार

शहर कुणाच्या खाजगी बँक खात्यात सहसा पैसे टाकत नाही. तुमचा गट नोंदणीकृत नसेल, बहुतेक नसतोच, तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे स्वतः नोंदणी करणं, ज्यात महिने जातात आणि नंतर दरवर्षी कागदपत्रं भरत बसावं लागतं, एका छोट्या कामासाठी हे करू नका. दुसरं म्हणजे आधीच नोंदणी असलेली एखादी संस्था पाठीशी घेणं, तिला फिस्कल स्पॉन्सर म्हणतात. पैसे तिच्या खात्यात येतात, ती बिलं चुकती करते, हिशोब ठेवते, आणि त्याबद्दल रकमेच्या साधारण ५ ते १५ टक्के घेते, काही भल्या संस्था काहीच घेत नाहीत. तिच्याशी लेखी करार करा, अगदी ओळखीची असली तरी. बिल दिल्यावर किती दिवसांत पैसे देणार, खर्चाला कुणाची मंजुरी लागणार, काम अर्धवट राहिलं तर काय, हे तीन मुद्दे त्यात हवेतच. काही योजना अगदी छोट्या रकमा नोंदणी नसलेल्या गटालाही देतात, ते अधिकाऱ्याला विचारा.

आता या सगळ्यातली सगळ्यात कठीण गोष्ट सांगते, जिच्यामुळे चांगले चांगले गट अडकतात. बऱ्याच योजनांत पैसे आधी मिळत नाहीत, तुम्ही खर्च करायचा, पावत्या द्यायच्या आणि मग शहर परतफेड करतं, कधी महिन्याने, कधी तीन महिन्यांनी. म्हणजे मंजुरीचं पत्र हातात आहे आणि सामान घ्यायला खिशात काहीच नाही. ज्या वस्तीत लोकांकडे शिल्लक असते तिथे हे जमतं, जिथे नसते तिथे जमत नाही, आणि खरी गरज तिथेच असते, म्हणून मला ही पद्धत मनापासून अन्यायाची वाटते. पण ती आहे तोवर मार्ग काढावा लागतो. आगाऊ हप्ता मिळेल का हे लेखी विचारा, विचारलं तर बऱ्याचदा काही भाग मिळतो. शहराने थेट दुकानदाराला पैसे द्यावेत अशी सोय आहे का बघा. पाठीराखी संस्था तात्पुरते पैसे घालू शकेल का हे तिला निवडतानाच विचारा. आणि काहीही झालं तरी एकट्या शेजाऱ्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डावर सगळं घेतलं असं होऊ देऊ नका, त्यातून मैत्री आणि काम दोन्ही जातं.

बजेट, आणि श्रमदानाची किंमत

बजेट म्हणजे अंदाज नव्हे. प्रत्येक मोठ्या वस्तूसाठी कोटेशन घ्या, शक्यतो दोन-तीन ठिकाणांहून. "इतर खर्च" अशी गोल रक्कम टाकली की समितीच्या भुवया वर जातात. वाहतूक, भाड्याने आणायची हत्यारं, परवान्याची फी, विमा, कामाच्या दिवशीचं पाणी आणि प्रथमोपचार पेटी, हे हमखास विसरलं जातं. साधारण १० टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी धरा, योजना परवानगी देत असेल तर तसं स्पष्ट नाव देऊन धरा.

तुमच्या वाट्याचा हिस्सा दाखवायचा असेल तर श्रमदान तासांत मोजा. पद्धत सोपी, किती माणसं गुणिले किती तास गुणिले ठरलेला दर. दर शहर ठरवून देतं, किंवा एखादा मान्य आकडा वापरतात, जसा अमेरिकेत इंडिपेंडंट सेक्टर ही संस्था दरवर्षी स्वयंसेवकाच्या एका तासाची किंमत जाहीर करते, २०२३ सालासाठी ती ३३.४९ डॉलर होती. म्हणजे वीस माणसं सहा तास आली की १२० तास, आणि त्याचे तिथल्या हिशोबाने ४,००० डॉलरच्या वर होतात. रोख पैसा नसलेल्या वस्तीसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे बघा. व्यावसायिक कौशल्याचा दर वेगळा धरता येतो, म्हणजे इलेक्ट्रिशियन त्याचंच काम फुकट करत असेल तर त्याचा नेहमीचा दर, पण तोच इलेक्ट्रिशियन खड्डे खणत असेल तर साधा दर.

मीटिंगचे तास, दारोदारी फिरल्याचे तास हेही काही ठिकाणी धरतात, पण बऱ्याच ठिकाणी मंजुरीच्या तारखेनंतरचेच तास चालतात, ते आधी विचारून घ्या. आणि फुगवू नका. शंभर तास लिहून शेवटी साठचीच हजेरी निघाली तर अनुदानातून तेवढा वाटा कापला जाऊ शकतो.

अर्ज लिहिताना

आता कुठे फॉर्म उघडा. वरचं सगळं केलं असेल तर फॉर्म भरणं म्हणजे वहीतलं उतरवून काढणं एवढंच राहतं.

मोठे शब्द टाळा. "परिसराचा सर्वांगीण विकास साधून सामाजिक ऐक्य वृद्धिंगत करणे" हे वाक्य प्रत्येक दुसऱ्या अर्जात असतं आणि ते वाचून कुणालाच काही दिसत नाही. त्याऐवजी असं लिहा: "बसस्टॉपपासून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्यावर बसायला एकही जागा नाही. आम्ही ज्या घरांशी बोललो त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत ज्येष्ठ माणसं आहेत आणि त्यांनी हीच अडचण सांगितली. आम्ही या रस्त्यावर सावलीत तीन बाकं बसवणार आहोत, त्यांना पाठ आणि हात टेकायला दांडे असतील, जागेचं परवानगी पत्र सोबत जोडलंय." वाचणाऱ्याने तुमची वस्ती पाहिलेली नसते, त्याला ती दिसली पाहिजे. तो एका बैठकीत ढीगभर अर्ज वाचतो हेही लक्षात ठेवा.

अशा कामांचा उपयोग होतो याचे चांगले पुरावे आहेत, एखादं वाक्य त्यातलं घातलं तर वजन येतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात संशोधकांनी ५४१ पडीक भूखंड घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेने विभागणी केली, काहींवरचा कचरा काढून गवत आणि थोडी झाडं लावली आणि बुटकं लाकडी कुंपण घातलं, काहींची नुसती सफाई केली, काही तसेच ठेवले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. गरीब वस्त्यांमध्ये सुधारलेल्या जागांच्या आसपास बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी झाली, आणि हिरवळ केलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटतं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटलं. इथे एक गोष्ट नजरेतून सुटू देऊ नका, त्या जागांची नंतर दर महिन्याला देखभाल होत होती. रस्त्यावरच्या रंगकामाबद्दल २०२२ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या १७ जागांच्या अभ्यासात पादचारी आणि सायकलवाल्यांना होणाऱ्या अपघातांचं प्रमाण ५० टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. असे आकडे एकदाच आणि आपल्या कामाशी जुळत असतील तरच वापरा, अर्जभर पेरू नका.

देखभालीच्या रकान्यात "सर्व रहिवासी मिळून देखभाल करतील" असं कधीच लिहू नका, सगळे म्हणजे कुणीच नाही. झाडं लावताय तर पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या दिवसांत पाणी घालावंच लागतं, ते कोण घालणार, पाणी कुठल्या नळाचं, सुट्टीत ते घर बाहेरगावी गेलं तर बदली कोण, हे लिहा. चित्राला काही वर्षांनी पुन्हा रंग, लाकडी बाकाला दरवर्षी तेल किंवा पॉलिश, याचा खर्च कुठून येणार तेही लिहा. सगळ्यात जास्त अर्ज याच रकान्यात कच्चे असतात आणि म्हणून इथे पक्कं लिहिलेला अर्ज उठून दिसतो.

पाठिंब्याची पत्रं जोडताना एकाच मजकुराच्या वीस पत्रांपेक्षा वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली चार-पाच चालतील. नगरसेवकाचं पत्र असलं तर चांगलंच, पण लागून असलेल्या घराचं पत्र त्याहून जास्त बोलतं. पाठवण्याआधी वस्तीबाहेरच्या एखाद्याला वाचायला द्या आणि विचारा, आम्ही नक्की काय करतोय ते तुला कळलं का. ऑनलाइन अर्ज असेल तर मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवा, शेवटच्या तासाला सगळेच पोर्टलवर तुटून पडतात.

मंजूर झालं, किंवा नाही झालं

नाही झालं तर गुणपत्रिका आणि समितीचे शेरे मागून घ्या, बहुतेक ठिकाणी ते मिळतात. तोच अर्ज त्या शेऱ्यांप्रमाणे सुधारून पुढच्या फेरीत टाका. मधल्या काळात पैशाशिवाय होणारं काहीतरी करा, एक सफाईचा दिवस, जागेवर एक संध्याकाळ, त्याचे फोटो पुढच्या अर्जात येतात आणि गटही विखुरत नाही.

मंजूर झालं तर आनंद करा पण करारावर सही होईपर्यंत एक पैसाही खर्च करू नका, सहीच्या तारखेआधीची बिलं बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. करार सगळ्यांनी मिळून वाचा. बदल कशाला विचारून करावा लागतो, कामाची शेवटची तारीख कोणती, फलकावर शहराचं नाव लावायचं का, हे बघून ठेवा. पुढे काहीही बदललं, बाकाची जागा, रंग, पुरवठादार, तर आधी अधिकाऱ्याला ईमेल करा आणि उत्तर आल्यावरच पुढे जा.

काम सुरू करण्याआधी जागेचे फोटो काढा, चारी बाजूंनी, आणि कुठे उभं राहून काढले ते लक्षात ठेवा म्हणजे नंतरचे फोटो तिथूनच काढता येतात. कामाच्या दिवशी एक टेबल, त्यावर हजेरीचा कागद, नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. त्या टेबलावर एक माणूस पूर्ण दिवस बसलाच पाहिजे, त्याला दुसरं काम देऊ नका. एकाच वेळी चाळीस माणसं बोलावू नका, हत्यारं दहा असतात आणि तीस जण उभे राहून कंटाळतात, दोन पाळ्या करा. लहान मुलांना, कमरेचं दुखणं असलेल्यांना, ज्यांच्याकडे एकच तास आहे अशांना करता येईल असं काम वेगळं काढून ठेवा.

पावती मिळाली की तिथेच फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाका, थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते. घरचं सामान आणि कामाचं सामान एकाच बिलावर घेऊ नका. खजिनदाराने महिन्यातून एकदा खर्चाचा कागद सगळ्या गटाला पाठवावा, संशय नसताना पाठवलेला हिशोब कुणाला टोचत नाही.

शेवटचा अहवाल काम संपल्यावर दोन आठवड्यांत लिहून टाका, माणसं आणि आठवणी दोन्ही ताज्या असतात. त्यात आधीचे आणि नंतरचे फोटो, हजेरीचे कागद, पावत्या, बजेट आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी, आणि काय ठरल्यासारखं झालं नाही ते सरळ लिहा, कारण निरीक्षक जागेवर येऊन बघणारच असतो. पैसे उरले तर करारात लिहिल्याप्रमाणे परत करा किंवा वापरायची लेखी परवानगी मागा. शेवटचा हप्ता अनेकदा हा अहवाल मंजूर झाल्यावरच सुटतो आणि जुना अहवाल बाकी असेल तर पुढचा अर्ज घेत नाहीत. सगळ्या फायलीची एक प्रत गटातल्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, देखभालीच्या यादीसकट, म्हणजे खजिनदार उद्या दुसरीकडे राहायला गेला तरी पाणी घालायची पाळी कुणाची आहे हे वस्तीला माहीत असेल.